आधी नाव झाका

“अमक्या कॉन्चेर्टोचं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग कुठलं हो?” हा प्रश्न यापुढे मला कुणी विचारू नये, ही कळकळीची विनंती. विचारलात तर वाकडं उत्तर मिळेल. मला तो प्रश्नच मान्य नाही.

निमित्त झालं आमच्या भाच्याचं. पाश्चात्य संगीताचा नाद त्याला मीच लावला, तेव्हा त्याचा कान धरायचा हक्कही माझाच. त्याने घरातल्या झाडून सगळ्यांना एक यादी पाठवली, ‘पियानो कॉन्चेर्टोंची सर्वोत्तम वीस ध्वनिमुद्रणं’ अशी. एकेका रचनेसमोर वादकाचं नाव, कंडक्टरचं नाव (एसटीतला नव्हे, वाद्यवृंदापुढे काठी हलवणारा), साल, आणि शेवटच्या रकान्यात दहापैकी गुण. साडेनऊ, नऊ, एका ठिकाणी तर पावणेनऊ! आणि खाली तळटीप, “मावशी, एवढंच ऐक, बाकीच्यात वेळ घालवू नकोस.”

बाबा रे, माझ्याकडे वेळच वेळ आहे. पण प्रश्न वेळेचा नाही.

ज्या नातेवाईकांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कॉन्चेर्टो म्हणजे एका बाजूला एकटा पियानोवादक आणि दुसऱ्या बाजूला साठ-सत्तर जणांचा वाद्यवृंद, अशी रचना. बहुधा तीन भाग, सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. आपल्याकडे दोन गवई एकच बंदिश गातात तेव्हा पुढचा विस्तार ज्याचा त्याचा असतो. इथे जवळजवळ सगळा विस्तारही लिहिलेला, छापलेला. तरी दोघांचं वाजवणं सारखं होत नाही, आणि ते का होत नाही हे शोधण्यातच सगळी गंमत आहे. म्हणजे तुलनेला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवते. विरोध आहे तो तुलनेच्या नावाखाली लागणाऱ्या निकालाला.

एके काळी या याद्यांना अर्थ होता, तेही कबूल. मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस होतं (२०१६ साली ते बंद झालं). तिथून परदेशी तबकडी आणायची म्हणजे महिन्याच्या हिशेबाला भोक पडायचं. एकच घेता येणार असेल तर कुठली घ्यावी, हे जाणत्या माणसाने सांगणं ही सोय होती. इंग्रजीत ‘पेंग्विन गाइड’ नावाचा एक जाडजूड ठोकळा निघायचा, त्यात चांगल्या ध्वनिमुद्रणाला तीन तारे, आणि फारच आवडलं तर गुलाबाचं फूल. गिऱ्हाइकाच्या खिशाची काळजी होती ती. आज एकेका कॉन्चेर्टोची पन्नास-पन्नास रेकॉर्डिंगं फोनमध्ये येऊन पडली आहेत, फुकट नाहीतर चार पैशांत. खिशाचा प्रश्न मिटला, पण तारे काही मावळले नाहीत. आता ते गिऱ्हाइकाला वाट दाखवत नाहीत, दारं बंद करतात. एवढंच ऐक, बाकीचं नको!

आणि हे तारे देणाऱ्यांचे कान किती खरे असतात? दोन गोष्टी सांगते. दोन्ही घडलेल्या आहेत.

पहिली दिनू लिपातीची. हा रुमानियाचा पियानोवादक २ डिसेंबर १९५० रोजी अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेला. असाध्य आजार, हाताशी मोजकी ध्वनिमुद्रणं आणि देवदुर्लभ हात. असा माणूस गेल्यावर त्याच्या नावाभोवती जे तेजोवलय तयार होतं ते झालं. पुढे १९६६ मध्ये ईएमआय कंपनीने त्याच्या नावावर शोपाँच्या पहिल्या कॉन्चेर्टोची तबकडी काढली. वाद्यवृंद कुठला, कंडक्टर कोण, काही पत्ता नाही. पण लिपाती म्हटल्यावर पुढे विचारायचं काय! पंधरा वर्षं लोकांनी ती डोक्यावर घेतली. १९८१ साली बीबीसीने ती रेडिओवर लावली, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी लक्षात आलं की हे आपल्याकडच्या एका दुसऱ्याच तबकडीसारखं वाजतंय. तपास झाला. वाजवणारी होती पोलंडची हालिना चेर्नी-स्तेफान्स्का, मागे चेक फिलहार्मोनिक आणि कंडक्टर वाक्लाव स्मेताचेक. ध्वनिमुद्रण सुप्राफोन कंपनीचं, पन्नासच्या दशकातलं.

ही बाई कुणी ऐरीगैरी नव्हती. वॉर्सातल्या शोपाँ स्पर्धेचं १९४९ सालचं पहिलं बक्षीस तिला बेला डेव्हिडोविचबरोबर विभागून मिळालेलं. तिची तबकडी बाजारात होतीच. पण तिच्या नावाची तबकडी ऐकून कुणी डोळे पुसल्याचं ऐकिवात नाही. तेच सूर, तोच ठेका, तेच थांबणं, वर लिपातीचं नाव चिकटवल्याबरोबर स्वर्गीय झालं. आणि खुलासा झाल्यावर? लोकांनी लगेच लिपातीचं खरं वादन शोधून काढलं. ते होतंही, ७ फेब्रुवारी १९५० च्या झुरिचच्या मैफलीचं. आणि बाई परत कपाटात गेल्या!

आमच्याकडे म्हण आहे, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. इथे उलटं झालं. हातात सोन्याच्या बांगड्या, पण नाव सोनूबाई नाही म्हणून कुणी बघेना.

दुसरी गोष्ट याहून थोर. इंग्लंडमध्ये जॉइस हॅटो नावाच्या पियानोवादिका होत्या. १९७६ नंतर त्यांनी जाहीर कार्यक्रम केले नाहीत. कारण सांगितलं जायचं कॅन्सरचं. उतारवयात मात्र त्यांच्या नावावर शंभराहून जास्त सीडी निघाल्या, त्यांच्या यजमानांच्याच छोट्या कंपनीतून. काय नव्हतं त्यात? ब्राम्स, रॅखमनिनॉफ, लिस्ट, शोपाँ. म्हातारी, आजारी बाई, जगाने विसरलेली, आणि घराच्या आडोशाला बसून एकटी सगळा पियानो पालथा घालते आहे. गोष्ट अशी की दगडाला पाझर फुटावा. समीक्षकांना फुटला. २००६ च्या जूनमध्ये बाई वारल्या तेव्हा मोठमोठे मृत्युलेख आले.

फेब्रुवारी २००७ मध्ये भांडं फुटलं. कुणी फोडलं? कुठल्या कानसेनाने नव्हे. एका श्रोत्याने बाईंची लिस्टची सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली, आणि कॉम्प्युटरने सांगितलं की ही लास्लो सिमॉन नावाच्या वादकाची सीडी आहे. त्या यंत्राला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं. प्रत्येक तुकडा किती लांब आहे एवढं त्याने मोजलं आणि आपल्या जाबत्याशी ताडून बघितलं. मग धागा ओढत गेल्यावर सगळंच उसवलं. बाईंचा रॅखमनिनॉफचा तिसरा कॉन्चेर्टो यफिम ब्रॉन्फमनचा निघाला, एसा-पेक्का सालोनेनबरोबर केलेला. ब्राम्सचा दुसरा अश्केनाझी आणि हायटिंकचा, मागे व्हिएन्ना फिलहार्मोनिक. काही तुकड्यांची गती यंत्राने कमीजास्त केली होती, ओळखू येऊ नये म्हणून. आयत्या बिळावर नागोबा! पुढे यजमानांनी कबुली दिली. बाई वेदनेने कण्हायच्या, ते झाकायला म्हणे दुसऱ्यांचे तुकडे जोडायला सुरुवात केली.

आता यातली माझ्या मते सगळ्यात बोलकी बाब ऐका. ब्रॉन्फमनची ती सीडी नव्वदच्या दशकात निघाली तेव्हा एका नामांकित इंग्रजी मासिकाच्या समीक्षकाने तिच्याबद्दल नाक मुरडलं होतं. ठीक आहे, पण काळजाला हात घालत नाही, असा सूर. त्याच मासिकात त्याच समीक्षकाने हॅटोबाईंच्या नावाची तीच वाजवणी ऐकली आणि ती महान ठरवली. एकच पेपर, दोन नावं, दोन वेगळे निकाल.

या प्रकरणावर लोक खूप हसले. समीक्षक मूर्ख ठरले म्हणून टाळ्या पिटल्या. मला ते हसणं पटत नाही. हॅटोबाईंच्या नावाखाली ज्यांनी ते वादन चांगलं म्हटलं ते चुकले कुठे? वादन चांगलंच होतं! करुण कथेने का होईना, त्यांचे कान उघडले होते. चूक झाली ती पहिल्या वेळी, समोर खरा वादक खऱ्या नावाने उभा होता तेव्हा. तो जिवंत होता, धडधाकट होता, त्याला कॅन्सर नव्हता, तो तरणाताठा होता, आणि पुढे लिपाती-रिश्टर-हॉरोविट्झ अशी देवांची रांग आधीच लागलेली होती. त्याला कोण कान देणार? ब्रॉन्फमन नावाजलेला, त्याचं फारसं बिघडलं नाही. पण लास्लो सिमॉन? पियानोच्या भक्तांतही किती जणांच्या तोंडी त्याचं नाव होतं? त्याच्या वादनाची वाहवा झाली ती दुसऱ्याच्या नावावर, आणि त्याचं नाव सर्वतोमुखी झालं ते चोरीचा माल म्हणून. भाच्याच्या यादीत वीस नावं आहेत. त्या यादीमुळे जे ऐकले जाणार नाहीत, ते सगळे हे असे लोक आहेत. माझा राग आहे तो यासाठी.

आणखी एक गोष्ट, जी खास कॉन्चेर्टोची आहे. एकट्याचा पियानो कुणीही बंद खोलीत वाजवून मुद्रित करू शकेल. कॉन्चेर्टोला सत्तर माणसं लागतात, सभागृह लागतं, तालमी लागतात. हॅटोबाईंच्या सीडीवर कंडक्टर म्हणून कोण होतं? रेने कोहलर. असा माणूस अस्तित्वातच नव्हता. त्याची एक करुण जीवनकथासुद्धा रचली होती. वाद्यवृंदाचं नावही असंच बनावट, तोलामोलाचं वाटेल असं. काही संशयी श्रोत्यांनी विचारलं होतं की हे कोहलर कोण, हा वाद्यवृंद कुठे वाजवतो, त्यातला एक तरी व्हायोलिनवाला कुणाला भेटलाय का. त्यांना उलट सुनावण्यात आलं की पुरावा असेल तर आणा. सत्तर माणसं नाहीत ती नाहीत, आणि कुणाच्या पानावरची माशी उडाली नाही!

का? कारण कॉन्चेर्टोची तुलना करणारे फक्त पियानो ऐकतात. ब्राम्सचा दुसरा कॉन्चेर्टो सुरू होतो तो पियानोने नव्हे, एकट्या हॉर्नने. आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे लोक जगावेगळा, त्यांच्या गावचा जुन्या घडणीचा हॉर्न वाजवतात. त्याचा आवाज वेगळा येतो. म्हणजे बनावट सीडीची पहिलीच काही सेकंदं पुकारा करत होती की आम्ही व्हिएन्नाचे आहोत, आम्ही व्हिएन्नाचे आहोत! पण यादीत हॉर्नला रकाना नसतो. त्याच कॉन्चेर्टोचा तिसरा भाग एकटा चेलो सुरू करतो, पियानो कितीतरी वेळ गप्प बसलेला असतो. भाच्याच्या यादीत त्या चेलोवाल्याचं नाव आहे का? नाही. मग पावणेनऊ कुणाला दिलेस बाबा?

मी उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्य घालवलं. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं, ते उगीच नाही. तपासणारा लबाड असतो म्हणून नव्हे. चांगल्या तपासनिसाचीही नजर नावाने बदलते म्हणून. पहिल्या बाकावरच्या मुलीचं अर्धवट वाक्य आपण मनातल्या मनात पुरं करतो, आणि शेवटच्या बाकावरच्याने पुरं लिहिलेलं वाक्य कुणाचं तरी बघून लिहिलंय असं वाटतं. हे मनुष्यस्वभावात आहे, म्हणून नाव झाकायचं. आणि गुणांबद्दल म्हणाल तर निबंधाला दहापैकी साडेसात दिल्याने त्यातलं कुठलं वाक्य जिवंत होतं हे कुणालाही कळत नाही. ते कळतं समासात लिहिलेल्या शेऱ्यावरून. मुलं गुण बघून वही मिटायची, शेरे वाचायचीच नाहीत. मोठी माणसंही तेच करतात.

यावर भाचा काय म्हणाला तेही सांगते, एकतर्फी नको. म्हणाला, “मावशी, नावाला संदर्भ असतो. कोण, कुठल्या परिस्थितीत वाजवतोय हे कळलं की ऐकणं खोल होतं.”

होतं ना. पण कधी कधी नको तितकं खोल होतं. क्लारा हास्किलचं घ्या. नोव्हेंबर १९६० मध्ये पॅरिसला तिने मार्केविचबरोबर मोत्सार्टचे दोन कॉन्चेर्टो मुद्रित केले, डी मायनर आणि सी मायनर. पुढच्याच महिन्यात ब्रसेल्सच्या स्टेशनवर ती पडली आणि ७ डिसेंबरला गेली. तेव्हापासून जो तो या रेकॉर्डिंगमध्ये ‘अखेरचा निरोप’ ऐकतो. अहो, निरोप कसला? आपण पुढच्या महिन्यात जिन्यावरून पडणार हे तिला कुणी सांगितलं होतं? ती मोत्सार्ट वाजवत होती. त्या डी मायनरमध्ये जो अंधार आहे तो मोत्सार्टने १७८५ मध्ये लिहून ठेवलेला आहे. तिने तो स्वच्छ, न रडता वाजवला, हे तिचं मोठेपण. आपण त्यावर आपले अश्रू सांडतो आणि वर म्हणतो की वादन किती ओलं आहे!

संदर्भ वाचावा, जरूर वाचावा. ऐकून झाल्यावर.

दुसरी खोड घड्याळाची. याचा पहिला भाग साडेनऊ मिनिटं, त्याचा सव्वाअकरा, म्हणून हा वेगवान आणि तो रेंगाळणारा. रॅखमनिनॉफचा दुसरा कॉन्चेर्टो स्वतः रॅखमनिनॉफने १९२९ मध्ये स्टोकोव्स्कीबरोबर वाजवला तो भराभर जातो. रिश्टरने १९५९ मध्ये वॉर्साला वाजवला तो सावकाश. आता रॅखमनिनॉफला आपलाच कॉन्चेर्टो कळला नाही म्हणायचं, की रिश्टरला खोडायचं? दोन्ही राहतात. मिनिटं मोजून हाती काही लागत नाही.

घड्याळाच्या खटल्यातला सर्वात गाजलेला दावा ग्लेन गूल्डचा. ६ एप्रिल १९६२, न्यूयॉर्कचं कार्नेगी हॉल, ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो. गूल्डने इतकी संथ गती धरली की कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाईनने वाजवण्याआधी श्रोत्यांपुढे येऊन सांगितलं, मला हे पटत नाही, पण वादक विचारी आहे म्हणून मी साथ देतोय. कॉन्चेर्टोत मालक कोण, वादक की कंडक्टर, असंही त्याने हसत हसत विचारलं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या परीक्षणाने गूल्डला धू धू धुतलं. हात चालत नाहीत म्हणून हळू वाजवतो, असंही सुचवलं. सगळं मिळून त्रेपन्न मिनिटांच्या आसपास झालं होतं. आता गंमत बघा. वीसेक वर्षांनी त्याच बर्नस्टाईनने क्रिस्टियान झिमरमनला घेऊन व्हिएन्नात हाच कॉन्चेर्टो मुद्रित केला. किती वेळ लागला? जवळजवळ तेवढाच! त्या वेळी कुणी भाषण केलं नाही आणि कुणी ओरडलंही नाही.

मग दोन्ही सारखे आहेत का? अजिबात नाहीत, आणि खरी तुलना सुरू होते ती इथे. घड्याळ सारखं आहे म्हटल्यावर आता तरी कान लावा. गूल्ड पियानोला वाद्यवृंदातलंच एक वाद्य समजून चालतो, पुढे येऊन छाती काढायला नकार देतो. झिमरमन त्याच संथपणात डोंगर उभे करतो. मला कुठला आवडतो? सोमवारी एक, गुरुवारी दुसरा.

कसं ऐकावं म्हणता, तर शाळेतल्या विज्ञानाच्या प्रयोगासारखं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बेथोवनचा चौथा कॉन्चेर्टो घ्या. जॉर्ज सेल हा कंडक्टर आणि क्लीव्हलंडचा वाद्यवृंद यांनी तो १९५९ मध्ये लिऑन फ्लायशरबरोबर मुद्रित केला आणि १९६८ मध्ये एमिल गिलेल्सबरोबर. कंडक्टर तोच, वाद्यवृंद तोच, फक्त पियानोवाला बदलला. मग उलटं करा. गिलेल्स तोच ठेवा आणि लुडविगबरोबरचं १९५७ सालचं लंडनमधलं रेकॉर्डिंग लावा. आता मागची माणसं बदलली. एवढ्या तीन रेकॉर्डिंगांत महिना जातो, आणि यादीतल्या वीसांपेक्षा जास्त हाताला लागतं.

आणि अख्खा कॉन्चेर्टो ऐकायचा नाही, जागा ऐकायच्या. चौथ्याची पहिली जागा म्हणजे अगदी सुरुवात. त्या काळी वाद्यवृंदाने प्रस्तावना करायची आणि मग वादकाने प्रवेश करायचा अशी रीत. बेथोवनने ती मोडली. पियानो एकटाच, हलक्या आवाजात, पाच मात्रागट वाजवतो आणि प्रश्न विचारल्यासारखा थांबतो. उत्तर देतात तंतुवाद्यं, पण भलत्याच दूरच्या स्वरात, बी मेजरमध्ये. जणू आपण एका खोलीत बोललो आणि हो शेजारच्या घरातून आला. आता ऐकायचं ते असं. पियानो थांबतो आणि तंतुवाद्यं उचलतात यांच्यामधली फट कोण किती ठेवतो? वाद्यवृंद पियानोच्याच आवाजाच्या पातळीवर येतो की त्याहून खाली? फ्लायशर ताठ बसून, स्वच्छ बोलतो. गिलेल्सचे तेच सूर जास्त गोल आहेत, आणि थांबताना तो किंचित मागे वळून बघतो असं मला वाटतं. तुम्हाला वाटणार नाही कदाचित. नाही वाटलं तर काय वाटलं ते सांगा, गुण सांगू नका.

दुसरी जागा म्हणजे मधला भाग. जेमतेम पाच मिनिटांचा. इथे फुंकवाद्यं नाहीत, नगारे नाहीत, फक्त तंतुवाद्यं, आणि तीही सगळी मिळून एकच ओळ वाजवतात. तुटक, कठोर, दरडावल्यासारखी. पियानो हळू, गात गात उत्तर देतो. हे दरडावतात, तो बोलतो. हे पुन्हा दरडावतात, तो पुन्हा तसाच बोलतो, आवाज न चढवता. हळूहळू दरडावणाऱ्यांचा आवाज उतरतो. बेथोवनने इथे पियानोचं डावं पेडल जवळजवळ पूर्ण वेळ दाबायला सांगितलंय. त्याच्या काळच्या पियानोत त्याने हातोडी खरोखर एकाच तारेवर पडायची. आताच्या पियानोत तेवढी सरकत नाही, म्हणून तो आवाज ऐकायचा तर रॉबर्ट लेव्हिनने जुन्या घडणीच्या पियानोवर, गार्डिनरबरोबर नव्वदच्या दशकात केलेलं ध्वनिमुद्रण लावावं. एका तारेवरचा तो बारीक आवाज आणि समोर एवढी माणसं. ते ऐकल्यावर पुन्हा गिलेल्सकडे यावं. मोठ्या काळ्या पियानोवर तो तेवढं लहान कसं होऊन दाखवतो ते मग कळतं.

आता हाच वादक ‘सर्वोत्तम’ म्हणाल तर आल्फ्रेड ब्रेंडेलचं काय करायचं? त्याने हे बेथोवनचे पाचही कॉन्चेर्टो हायटिंकबरोबर केले, मग लिव्हाइनबरोबर, मग रॅटलबरोबर. त्याही आधी एकदा तरुणपणी केले होते ते वेगळेच. ब्रेंडेलला स्वतःलाच आपलं सर्वोत्तम सापडलं नव्हतं म्हणून तर तो पुन्हा पुन्हा स्टुडिओत गेला. आणि केम्फ लाइटनरबरोबरच्या रेकॉर्डिंगमध्ये बेथोवनने लिहिलेल्या कादेन्झा (वादकाने एकट्याने वाजवायचे तुकडे) बाजूला ठेवून स्वतःच्याच वाजवतो. शुद्धतावादी त्याचे दोन गुण कापतात. मला त्या कादेन्झा आवडत नाहीत, पण त्याने वाजवल्या याचा आनंद आहे. हे कुठल्या रकान्यात बसवू?

आमचे मुंबईचे झुबिन मेहता भाच्याच्या यादीत नाहीत, म्हणून मी चिडले आहे असा आरोप झालाय. तसं नाही. राडू लुपूबरोबर इस्रायल फिलहार्मोनिक घेऊन त्यांनी केलेले बेथोवनचे कॉन्चेर्टो ऐका एवढंच म्हणेन. मुंबईचे म्हणून नव्हे. लुपूसाठी ऐका, आणि तो कुजबुजायला लागतो तेव्हा मागची सगळी माणसं कशी श्वास धरतात त्यासाठी ऐका.

तर भाचेमहाशय, आणि इतरही ज्यांना या विषयावर लिहायची हौस आहे ते, माझ्याकडे यादी पाठवू नका. घरातल्या कुणालाही सांगून चौथ्या कॉन्चेर्टोचा तो मधला भाग तीन रेकॉर्डिंगांतून लावून घ्या, नावं न सांगता. पहिलं, दुसरं, तिसरं एवढंच कागदावर लिहा. आणि तंतुवाद्यांचा आवाज नेमका कुठे उतरायला लागतो, कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला, आणि तो पियानोने उतरवला की ती आपणहून दमली, एवढं प्रत्येकासमोर लिहून पाठवा.